तुमचे प्रश्न : बॉब मार्ली, हिट गाण्यांच्या पलीकडचा

मागच्या अंकात रेगे या जमैकाच्या संगीतावर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यात तिथला गायक बॉब मार्ली याचं नाव आलं आणि तेवढ्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. बरेच प्रश्न सारखे होते, ते एकत्र केलेत.

प्रश्न : मी मार्लीचा 'लेजंड' हा अल्बम इतक्यांदा ऐकलाय की सगळी गाणी पाठ आहेत. याच्यापुढे अजून काही उरतं का?

उरतं म्हणजे, बरंचसं तिथूनच सुरू होतं. 'लेजंड' हा मार्लीने काढलेला अल्बम नाहीच, तो गेला १९८१ मध्ये आणि हा निघाला १९८४ मध्ये. त्याच्या रेकॉर्ड कंपनीची, आयलंड रेकॉर्ड्सची, सूत्रं तेव्हा डेव्ह रॉबिन्सनकडे होती, त्याच्या लक्षात आलं की गोऱ्या मध्यमवर्गीय ग्राहकाला मार्लीचा आवाज आवडतो पण त्याच्या राजकारणाची आणि जटांची जरा भीती वाटते, मग त्या हिशोबाने गाणी निवडली गेली. धंदा जबरदस्त झाला, अडीच कोटींच्या वर प्रती खपल्या आणि आजही खपतायत. गाणी वाईट आहेत असं माझं अजिबात म्हणणं नाही, 'गेट अप स्टँड अप' आहे त्यात, 'रिडेम्प्शन साँग' आहे.

पण काय गाळलं ते बघा. १९७७ चा 'एक्झोडस' घ्या. मूळ रेकॉर्डच्या पहिल्या बाजूला पाच गाणी होती, सगळी धर्म, अन्याय, छळ, देश सोडून जाणं यांची, आणि दुसऱ्या बाजूला पाच, प्रेमाची आणि आनंदाची. 'लेजंड'मध्ये पहिल्या बाजूचं फक्त एक गाणं आलं, आणि दुसऱ्या बाजूची पाचातली चार आली! १९७९ च्या 'सर्व्हायव्हल'मधलं तर एकही नाही, १९७६ च्या 'रास्तामन व्हायब्रेशन'मधलंही नाही. आणि 'सर्व्हायव्हल' म्हणजे त्याच्या मनातलं सगळ्यात स्पष्ट बोलणं, त्याच्या कव्हरवर आफ्रिकी देशांचे झेंडे आहेत आणि नावाच्या पट्टीमागे गुलामांना जहाजात कसं एकाला एक चिकटवून झोपवायचे त्याचा जुना नकाशा आहे. हे बाजूला काढलं की उरतो तो टीशर्टवरचा हसरा मार्ली, आणि मला तो अर्धाच माणूस वाटतो.

तर क्रम असा लावा. आधी १९७३ चा 'कॅच अ फायर', मग 'नॅटी ड्रेड', मग १९७५ मध्ये लंडनच्या लायसियम थिएटरमध्ये रेकॉर्ड झालेला लाइव्ह अल्बम, मग 'एक्झोडस' पूर्ण, पहिल्या गाण्यापासून ओळीने, आणि मग 'सर्व्हायव्हल'. घाई करू नका.

प्रश्न : मला रेगेचा ताल पकडताच येत नाही. टाळी द्यायला गेलो की चुकते. सगळं सुस्त का वाटतं?

सुस्त नाही हो ते, मोकळं आहे. आपल्या कानाला समेवर वजन लागतं, तबला ऐकत वाढलेला माणूस पहिल्या मात्रेची वाट बघत बसतो आणि इथे नेमकी पहिली मात्राच रिकामी! एक-दोन-तीन-चार असं मोजा. रॉकमध्ये एकला ड्रमचा दणका येतो. रेगेच्या 'वन ड्रॉप' ठेक्यात एकला काहीच नाही, तीनला मोठा ड्रम आणि स्नेअर हा छोटा ड्रम दोन्ही एकदम पडतात, दोन आणि चारला गिटारचा छोटासा, लगेच दाबून टाकलेला तुकडा येतो, आणि त्याच्या मधल्या फटींमध्ये ऑर्गन बुडबुडत असतो. 'सर्व्हायव्हल'मध्ये 'वन ड्रॉप' नावाचंच गाणं आहे, ते लावून फक्त तीनवर मान हलवा, दोन मिनिटांत जमेल. उलट 'एक्झोडस' हे गाणं ऐकलंत तर तिथे मोठा ड्रम प्रत्येक मात्रेवर पडतो, कूच केल्यासारखा, त्याला 'स्टेपर्स' म्हणतात. दोन्ही एकामागोमाग ऐकलीत की फरक कानात बसेल.

आणि तुम्ही एकटे नाही. 'कॅच अ फायर'वर लंडनमध्ये जास्तीचं गिटार वाजवायला वेन पर्किन्स नावाचा अमेरिकेच्या दक्षिणेतला गिटारिस्ट बोलावला होता, तोही आधी गोंधळला होता, ठेका नेमका सुरू कुठे होतोय हेच त्याला कळेना. त्यानेच पुढे 'काँक्रीट जंगल'मधला तो सोलो वाजवला जो ऐकून आजही अंगावर काटा येतो.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो, रेगे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात बेस येतच नाही, आणि रेगेमध्ये बेस गिटार नुसती साथ करत नाही, ती गाण्याच्या खाली दुसरं गाणं गात असते. बरे हेडफोन लावा नाहीतर मोठे स्पीकर. मार्लीच्या गाण्यांतली ही बेस अ‍ॅस्टन 'फॅमिली मॅन' बॅरेटची आणि ड्रम त्याचा सख्खा भाऊ कार्लटन बॅरेटचा. हे दोघे आधी निर्माता ली 'स्क्रॅच' पेरीच्या बँडमध्ये होते, १९७० च्या सुमाराला वेलर्स या मार्लीच्या बँडबरोबर वाजवायला लागले आणि पुढे मार्लीच्या शेवटापर्यंत त्याच्याबरोबर राहिले. मार्लीचा आवाज जगाने डोक्यावर घेतला पण तो आवाज ज्या जमिनीवर उभा आहे ती या दोन भावांनी तयार केली, आणि त्यांचं नाव घेतल्याशिवाय मार्लीबद्दल बोलणं मला तरी बरोबर वाटत नाही. कार्लटनचा १९८७ मध्ये किंग्स्टनमध्ये खून झाला. फॅमिली मॅनने रॉयल्टीसाठी इंग्लंडच्या कोर्टात केस केली, ती २००६ मध्ये तो हरला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तोही गेला.

प्रश्न : तो लहानपणापासूनच गायचा का? घरी संगीत होतं का?

जन्म ६ फेब्रुवारी १९४५, जमैकाच्या सेंट अ‍ॅन भागातल्या नाइन माइल नावाच्या डोंगरातल्या खेड्यात. आई सेडेला तेव्हा अठरा वर्षांची, काळी, शेतकरी घरातली. वडील नॉर्व्हल मार्ली गोरे, साठीच्या आसपासचे, आणि ते मुलाच्या वाट्याला जवळजवळ आलेच नाहीत, बॉब दहा वर्षांचा असताना वारले. मुलगा ना धड काळ्यांचा ना गोऱ्यांचा, दोन्हीकडून टोमणे खात वाढला.

मग आई त्याला घेऊन किंग्स्टनच्या ट्रेंच टाऊन वस्तीत आली. तिथे सरकारने बांधलेल्या चाळीसारख्या घरांच्या मधल्या अंगणात 'जो हिग्ज' नावाचा गायक पोरांना गोळा करून गाणं शिकवायचा, पैसे न घेता. एकाने वरचा सूर धरायचा, दुसऱ्याने खालचा, आणि कोणाचाच आवाज दुसऱ्याच्या वर चढायचा नाही, हे तासन्‌तास घोटून घेतलं त्याने. बॉब, त्याचा बालमित्र बनी वेलर आणि पीटर टॉश, म्हणजेच वेलर्स, तिघे तिथेच तयार झाले. म्हणजे घराणं म्हणाल तर ते अंगण.

पोटासाठी तो वेल्डिंग शिकत होता. त्याच दुकानात डेस्मंड डेकर काम करायचा, जो पुढे स्वतः मोठा गायक झाला, त्याच्या ओळखीतून बॉब लेस्ली काँग या निर्मात्याकडे पोचला आणि १९६२ मध्ये, म्हणजे जमैका स्वतंत्र झाला त्याच वर्षी, पहिली रेकॉर्ड निघाली. ती काही चालली नाही. चाललं ते 'सिमर डाऊन', स्टुडिओ वनमध्ये कॉक्सन डॉडकडे १९६३ च्या शेवटी केलेलं, वस्तीतल्या भांडखोर पोरांना जरा दमानं घ्या म्हणणारं गाणं. १९६४ च्या सुरुवातीला ते जमैकात एक नंबरला गेलं. ते रेगे नाही बरं का, स्का आहे, भरधाव पळणारं. स्कानंतर १९६६ च्या आसपास जरा संथ रॉकस्टेडी आलं आणि १९६८ मध्ये रेगे. मार्ली या तिन्हीतून गेलाय.

नाव झालं पण पैसा नाही. १९६६ मध्ये रीटाशी लग्न केलं आणि लगेच आईकडे अमेरिकेत डेलावेअरला गेला, तिथे क्रायसलरच्या कारखान्यात राबला. त्या दिवसांवरचं 'नाइट शिफ्ट' हे गाणं 'रास्तामन व्हायब्रेशन'मध्ये आहे. लोक त्याच्यावरून पुढे जातात, तुम्ही थांबून ऐका.

प्रश्न : पीटर टॉश आणि बनी वेलर यांना मार्लीने बाजूला सारलं असं वाचलं. खरं का?

इतकं सरळ नाही. १९७२ मध्ये वेलर्स लंडनमध्ये पैशावाचून अडकले होते, तेव्हा आयलंडच्या क्रिस ब्लॅकवेलने त्यांना अल्बम करायला चार हजार पौंड दिले, कागदावर काही न लिहिता. लोक त्याला म्हणाले, गेले पैसे. पण हे तिघे जमैकात परत गेले आणि 'कॅच अ फायर' करून दाखवला. नंतर मात्र कंपनी एका चेहऱ्याभोवती सगळं उभं करायला लागली. बनीला थंडीतले ते लांबचे दौरे आणि त्यातलं जगणं नको होतं, पीटरला दुय्यम राहणं मान्य नव्हतं, आणि दोघांचं काहीच चूक नव्हतं. १९७४ उजाडेपर्यंत तिघांचं एकत्र गाणं संपलं होतं. त्यांच्या जागी रीटा मार्ली, मार्शिया ग्रिफिथ्स आणि ज्युडी मोवॅट या तिघी आल्या, आय-थ्रीज. तीन पुरुषांचा तो खडबडीत मेळ गेला आणि दुसरंच काहीतरी सुंदर आलं. मला दोन्ही हवंय, पण 'बर्निन' या अल्बममधले ते तीन आवाज परत कधी मिळाले नाहीत याची खंत आहेच.

प्रश्न : जटा आणि गांजा म्हणजेच रास्ता ना? आमच्या कॉलेजात तर मार्ली म्हणजे तेवढंच.

नाही. रास्ताफारी हा धर्म आहे, १९३० मध्ये इथिओपियात सम्राट हैले सेलासीचा राज्याभिषेक झाला त्यानंतर जमैकातल्या गरीब काळ्या लोकांमध्ये तो उभा राहिला, आणि सेलासीलाच ते देव मानायला लागले. गुलाम म्हणून ज्यांना उचलून आणलं त्यांच्या पणतवंडांना आपला देव आपल्या रंगाचा आहे आणि आपलं घर आफ्रिका आहे असं म्हणावंसं वाटलं, यात फॅशन कुठे आली? आणि ते म्हणायची किंमत होती. १९६३ मध्ये कोरल गार्डन्स इथल्या हिंसक चकमकीनंतर पोलिसांनी रास्ता लोकांना धरून धरून मारलं, कोंडलं, जटा कापल्या. सरकारने त्याची माफी मागितली २०१७ मध्ये! गांजा त्यांच्या प्रार्थनेचा भाग होता, आणि कायद्याने गुन्हाही होता. म्हणजे जटा वाढवून रस्त्यावर फिरणं हेच धाडस होतं.

एप्रिल १९६६ मध्ये सेलासी स्वतः जमैकात आला तेव्हा विमानतळावर माणसांचा समुद्र होता. रीटाने त्याला पाहिलं, बॉब तेव्हा अमेरिकेत होता. परत आल्यावर तोही हळूहळू तिकडे वळला आणि मग वळलाच. 'वॉर' या गाण्याचे शब्द जवळजवळ सगळे सेलासीने १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत केलेल्या भाषणातले आहेत. एका राजाचं सभागृहातलं भाषण, कुठेही यमक नाही, आणि बॅरेट बंधूंच्या ठेक्यावर तो ते असं म्हणतो की वाटावं हे गाण्यासाठीच लिहिलं होतं. 'रिडेम्प्शन साँग'मध्येही एक ओळ मार्कस गार्वी या काळ्यांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या जमैकन नेत्याच्या १९३७ च्या भाषणातून आलीय. गार्वीसुद्धा सेंट अ‍ॅनचाच. हे सगळं माहीत झालं की पोस्टरवरचा धूर आपोआप मागे पडतो.

प्रश्न : त्याच्यावर गोळीबार झाला आणि तरी त्याने कार्यक्रम केला, ही गोष्ट कितपत खरी?

पूर्ण खरी. ३ डिसेंबर १९७६ ची रात्र, किंग्स्टनमधलं ५६ होप रोड हे त्याचं घर, तालीम चालू होती. दोन दिवसांनी 'स्माइल जमैका' नावाचा फुकट कार्यक्रम होता. तो जाहीर झाल्यावर पंतप्रधान मायकल मॅनलींनी निवडणुकीची तारीख लावली १५ डिसेंबर, त्यामुळे मार्ली एका पक्षाचा प्रचार करतोय असं चित्र झालं. आणि तेव्हा जमैकात पक्ष म्हणजे बंदूकधारी टोळ्या, अमकी गल्ली यांची आणि तमकी त्यांची. हल्लेखोर घरात घुसले. रीटाच्या डोक्याला गोळी लागली, मॅनेजर डॉन टेलरला कितीतरी लागल्या, आणि बॉबच्या छातीला चाटून एक गोळी दंडात घुसली. कोणी मेलं नाही हे नशीबच.

पाच तारखेला तो स्टेजवर होता. रीटा डोक्याला पट्टी बांधून शेजारी. एखादं गाणं म्हणून जाईन असं ठरलेलं, गायला जवळजवळ दीड तास आणि शेवटी शर्ट उघडून लोकांना जखम दाखवली. मग देश सोडला, लंडन गाठलं आणि तिथे 'एक्झोडस' झाला. म्हणून म्हटलं, ती पहिली बाजू गाळून तो अल्बम कळत नाही.

दीड वर्षाने परत आला. २२ एप्रिल १९७८, नॅशनल स्टेडियम, 'वन लव्ह पीस कॉन्सर्ट'. दोन्ही बाजूंच्या टोळ्यांच्या म्होरक्यांनीच तुरुंगातल्या बोलण्यातून हा घाट घातला होता. 'जॅमिंग' चालू असताना मार्लीने मॅनली आणि विरोधी पक्षनेते एडवर्ड सीयागा या दोघांना स्टेजवर बोलावलं आणि त्यांचे हात आपल्या डोक्यावर एकत्र धरले. तो फोटो सगळीकडे दिसतो. व्हिडिओ मिळाला तर चेहरे बघा, दोन्ही नेते अवघडलेत, आणि मधला माणूस कुठल्या तरी वेगळ्याच तंद्रीत आहे, नाचतोय, बोलतोय, बँड थांबत नाहीये. शांतता मात्र टिकली नाही हेही सांगायला हवं, १९८० च्या निवडणुकीच्या वर्षात तिथे शेकड्यांनी माणसं मेली. गाण्याने दंगल थांबत नाही. पण तेवढ्या संध्याकाळपुरते का होईना ते हात त्याने जुळवले आणि दुसऱ्या कोणाला ते जमलं नव्हतं.

प्रश्न : फुटबॉल खेळताना लागलं आणि त्यातूनच कॅन्सर झाला असं म्हणतात...

हे फार पसरलंय, आणि चुकीचं आहे. त्याला फुटबॉलचं वेड होतं आणि १९७७ मध्ये खेळताना पायाच्या अंगठ्याला लागलं हे खरं. पण जखम भरेना म्हणून तपासलं तेव्हा नखाखाली मेलानोमा निघाला, त्वचेचा कॅन्सर. लागल्यामुळे तो झाला नाही, लागल्यामुळे तो दिसला. हा जो प्रकार आहे तो उन्हाशी फारसा संबंध नसलेला, तळपाय, तळहात, नखं इथे होणारा आहे, आणि सावळ्या-काळ्या लोकांमध्ये मेलानोमा झाला तर बऱ्याचदा याच जागी होतो. नखाखाली काळी रेघ आली, वाढायला लागली, लागल्याचं काही आठवत नाही, तर डॉक्टरला दाखवा. एवढं या उत्तरातून लक्षात राहिलं तरी पुरे.

अंगठा काढावा असा सल्ला होता, त्याने नकार दिला, शरीराचा भाग कापायचा नाही ही रास्ता श्रद्धा होती. नखाखालचा भाग काढून कातडी लावली गेली. पुढची तीन वर्षं त्याने ज्या वेगाने काम केलं ते बघून छाती दडपते. 'काया', 'सर्व्हायव्हल', 'अप्रायझिंग', एप्रिल १९८० मध्ये झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्याच्या रात्री रुफारो स्टेडियममध्ये गाणं, तेही सामान नेण्याचा खर्च स्वतः करून. त्या रात्री आत घुसू पाहणाऱ्या बाहेरच्या गर्दीवर पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तो स्टेजपर्यंत आला, कार्यक्रम थांबला आणि पुन्हा सुरू झाला, आणि ज्यांना आत येता आलं नव्हतं त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी तो परत गायला. जूनमध्ये मिलानच्या सान सिरोमध्ये लाखभर लोक.

सप्टेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावताना कोसळला, कॅन्सर मेंदूपर्यंत गेला होता. दोन दिवसांनी, २३ तारखेला, पिट्सबर्गमध्ये शेवटचा कार्यक्रम केला. त्याची रेकॉर्डिंग उपलब्ध आहे. मी ती एकदा ऐकली, आवाज खणखणीत आहे, काही कळत नाही बाहेरून, आणि म्हणूनच परत ऐकवत नाही. ११ मे १९८१ ला मायामीत गेला. वय छत्तीस.

प्रश्न : 'नो वुमन नो क्राय'वर गीतकार म्हणून व्ही. फोर्ड असं नाव दिसतं. हा कोण?

व्हिन्सेंट फोर्ड, ट्रेंच टाऊनमधला मार्लीचा मित्र. त्याच्या अंगणातल्या चुलीवर भुकेल्या पोरांना जेवण मिळायचं, मार्लीसुद्धा त्यातलाच. गाणं खरं कोणी लिहिलं यावर वाद आहे, जुन्या प्रकाशकाच्या करारातून सुटायला मार्लीने मित्राचं नाव घातलं असंही म्हणतात, ते प्रकरण लंडनच्या कोर्टातही गेलं आणि जुन्या प्रकाशकाचा दावा टिकला नाही. श्रेय फोर्डचंच राहिलं. गाणं ऐकायचं तर लायसियमचं, स्टुडिओतलं नाही. सुरुवातीलाच सगळं थिएटर गायला लागतं.

प्रश्न : मार्लीनंतर कोणाला ऐकू?

नंतर कशाला, बरोबरीनेच ऐका. पीटर टॉशचा 'ईक्वल राइट्स', बनी वेलरचा 'ब्लॅकहार्ट मॅन', म्हणजे त्या दोघांनी वेगळं होऊन काय केलं ते कळेल. बर्निंग स्पिअरचा १९७५ चा 'मार्कस गार्वी', हाही सेंट अ‍ॅनचाच माणूस. टूट्स अँड द मेटल्स, ज्यांच्या १९६८ च्या गाण्यामुळे 'रेगे' हे नाव रूढ झालं. मार्लीच्या मुलांपैकी डेमियनचा 'वेलकम टू जॅमरॉक', बापाची नक्कल अजिबात नाही त्यात. आणि डेनिस ब्राउन नक्की. पोरवयातच स्टुडिओ वनमध्ये गायला लागला, जमैकात त्याला रेगेचा युवराज म्हणायचे, मार्लीलाही तो फार आवडायचा, बेचाळिसाव्या वर्षी गेला आणि बाहेर त्याचं नाव फारसं पोचलंच नाही. 'मनी इन माय पॉकेट'पासून सुरू करा, आणि आवडलं तर कळवा, पुढचा कॉलम त्याच्यावर करायची माझी केव्हापासूनची इच्छा आहे.